बादली कोणी धरायची?

शिडी घेऊन जिना चढणाऱ्या माणसाच्या अगदी मागून कधी चालू नये. साधी गोष्ट आहे, पण ती त्याला कोणी शिकवली नव्हती.

लिफ्ट बंद होती. खांद्यावर शिडी, पाठीवर हत्यारांची पिशवी, हातात बादली, असा सगळा संसार घेऊन मी पाचव्या मजल्याकडे निघाले होते. चौथ्या मजल्याच्या वळणावर मी वळले, माझ्याबरोबर शिडीही वळली, आणि मागून आवाज आला – टक्! आणि लगेच, "आई गं!"

मी वळून पाहिलं. एक उंच, सडपातळ माणूस कपाळ धरून उभा होता. चष्मा एका कानावर लटकत होता.

"लागलं का हो?"

"नाही, नाही… म्हणजे, लागलं. पण चूक माझीच. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो होतो आणि न बघताच उठलो."

कपाळावर टेंगूळ येतंय आणि माणूस म्हणतोय चूक माझीच! असला नमुना मी आजवर पाहिला नव्हता. आमच्या धंद्यात एसीतून लोकांच्या स्वतःच्या पोराने कोंबलेला खडू निघाला तरी खेकसतात ते आमच्यावरच.

"पाचव्यावर भूगोलाचे कोणी मास्तर राहतात ना?" मी विचारलं. "त्यांचा एसी गार करत नाही."

"मीच तो मास्तर." त्याने चष्मा जागेवर बसवला आणि मागे वळून खाली जिन्यात डोकावून पाहिलं. "आणि… मेकॅनिक मागून येताहेत का?"

"मेकॅनिकच्याच शिडीने तुम्हाला मारलंय."

तो इतका ओशाळला की मला हसूच आलं. मग तोही हसला. हसताना त्याचं टेंगूळ वर सरकलं आणि मला आणखी हसू आलं.

घर वरच्या मजल्याचं, डोक्यावर थेट गच्ची. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसेल अशी खोली. एका टेबलावर पेपरांचे गठ्ठे, भिंतीवर जगाचा नकाशा, आणि त्याच्या वर आमचा रुग्ण. दारातच त्याची आत्या भेटली. आई-वडील लवकर गेले म्हणून हिनेच त्याला लहानाचं मोठं केलं, हे तिने मला पाणी देता देताच सांगून टाकलं. "मला मात्र ते गार वारं नको गं बाई, माझी हाडं ठणकतात. मी आपली आतल्या खोलीत पंख्याखाली बरी."

मी एसीचं झाकण काढलं, सांधे तपासले, एसीभोवती प्लॅस्टिकचा झगा बांधला आणि बादली त्याच्या हातात दिली.

"ही… मी धरायची?"

"माझा नियम आहे. ज्याचा एसी, त्यानेच बादली धरायची. आतून काय निघालं ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं आणि नंतर बिलावरून भांडण होत नाही."

पंपाचं पाणी आत शिरलं आणि झग्याच्या शेपटातून काळंकुट्ट पाणी बादलीत पडायला लागलं. जरा वेळाने माझ्या लक्षात आलं, पाणी बादलीत कमी आणि त्याच्या पायांवर जास्त पडतंय.

"मास्तर, बादलीकडे बघा. माझ्याकडे नको."

"बादलीत बघण्यासारखं काही नाहीये हो…"

बोलून गेला आणि स्वतःच लाल झाला. मी शिडीवरून मुद्दाम पंप जरा जोरात सोडला, माझेही गाल लाल झालेत ते त्याला दिसू नये म्हणून.

"गॅस भरावा लागेल ना?" त्याने घाईघाईने विषय बदलला. "दरवर्षी भरतो मी."

"कशाला? गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे, जळून संपायला? सांधा गळला तरच तो जातो. तुमचे सांधे ठणठणीत आहेत."

"मग दरवर्षी जो भरला…"

"तो दानधर्म झाला."

आतल्या खोलीतून आत्या खो-खो हसली. मी त्याला जाळी काढून दाखवली. "ही पंधरवड्यातून एकदा नळाखाली धुवायची. ब्रश नाही, गरम पाणी नाही. वाळली की बसवायची. एवढं केलंत तर वर्षाचा देखभालीचा करारसुद्धा घ्यायची गरज नाही."

"करार नका घेऊ म्हणणारं दुकान मी पहिल्यांदाच पाहतोय."

"दुकान नाही, मी म्हणतेय. मामांना सांगू नका."

मामा म्हणजे आमच्या दुकानाचे मालक आणि माझ्या आईचे सख्खे भाऊ. माझ्या करारांचा आकडा कायम सगळ्यांच्या खाली असायचा, म्हणून ते वैतागलेले. त्यात माझी आई रोज त्यांच्या मागे लागायची, "पोरीला त्या शिडीवरून खाली उतरव एकदाचं. काउंटरवर बसू दे. कुठं हातपाय मोडून बसली तर?" आणि मामा म्हणायचे, नियमात सापडू दे, लगेच उतरवतो. नियम सगळ्या मेकॅनिकना सारखा होता. काम करून आल्यावर महिनाभरात त्याच एसीची पुन्हा तक्रार आली, की ती 'उलट तक्रार'. एका उन्हाळ्यात अशा तीन झाल्या की शिडी बंद. मग फोनपाशी बसायचं आणि दिवसभर 'आपली तक्रार नोंदवली आहे' म्हणत राहायचं. माझी आजवर एकही झाली नव्हती. मला माझं काम आवडतं, त्या शिडीसकट आवडतं, आणि काउंटरच्या नुसत्या विचाराने माझा जीव गुदमरायचा.

आठवडा झाला नसेल, त्याचा फोन आला. गारवा कमी वाटतोय. उलट तक्रार, पहिली.

गेले. रिमोट हातात घेतला. बर्फाच्या चित्राऐवजी पंख्याचं चित्र लागलेलं.

"मास्तर, याला गारवा कमी म्हणत नाहीत. याला पंखा म्हणतात."

"असं होय…" तो रिमोटकडे अशा भक्तिभावाने पाहत होता, जणू आजच त्याला रिमोटचा शोध लागला होता. "आता आलाच आहात तर चहा घेऊनच जा."

चहा घेतला. तो मला खारे वारे आणि मतलई वारे समजावून सांगत बसला. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे, रात्री जमिनीकडून जातात ते मतलई. मी म्हटलं, "जगभरचं वारं तोंडपाठ आणि घरातल्या वाऱ्याचं बटण सापडत नाही!" त्यावर तो इतका मनापासून हसला की चहा बशीत सांडला. जिना उतरताना मी गुणगुणत होते हे मला खालच्या मजल्यावर आल्यावर कळलं. एक उलट तक्रार नावावर लागली होती आणि मी गुणगुणत होते! वेड लागल्याचं दुसरं काय लक्षण असतं?

पुढच्या आठवड्यात दुसरी आली. एसीतून पाणी गळतंय.

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी निघण्यापूर्वी मी आरशात पाहिलं होतं. वेणी सोडून पुन्हा घातली होती. शिडी लावून मी हसतहसतच वर चढले, झाकण उघडलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

पाणी वाहून नेणारा पाईप सांध्यातून निघालेला होता. तो आपोआप निघाला नव्हता. सांध्यावर टेप गुंडाळली की मी तिचं टोक दुमडून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी नखाने खरवडत बसावं लागत नाही. आमच्या दुकानात दुसरं कोणी असं करत नाही. इथली टेप उकलून पुन्हा चिकटवलेली होती आणि टोक सपाट होतं.

"हा पाईप कोणी काढला?"

त्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

"आत्या, तुम्ही?"

"मी?" आत्याने डोळे मोठे केले. "मी खुर्चीवर चढले तर मला उतरवायला अग्निशमन दल बोलवावं लागेल."

"मी काढला," तो म्हणाला.

"का?"

"तुम्ही… तुम्ही पुन्हा यावं म्हणून." त्याने मान खाली घातली. "दुकानात फोन करून काय सांगणार? एसी उत्तम आहे, पण मला तिच्याशी बोलायचंय?"

माझ्या छातीत काहीतरी लक्कन हललं. पण राग त्याच्याहून मोठा होता आणि आधी तोच बाहेर आला.

"तुम्हाला गंमत सुचतेय! तुमच्या दोन फोनांनी माझ्या नावावर दोन उलट तक्रारी लागल्या. तिसरी आली की मी शिडीवरून खाली, कायमची. ज्याच्यासाठी मी घरात रोज भांडते ते काम तुम्ही पाईप उपटून घालवायला निघालात. आणि पहिली? पहिलीसुद्धा खोटीच ना?"

"पहिली… अर्धी चुकून होती." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "तुमच्या त्या नियमाचं मला खरंच माहीत नव्हतं. पुन्हा कधी तक्रार करणार नाही. शब्द देतो."

"उपकार झाले!"

डोळे भरून यायला लागले होते आणि ग्राहकासमोर रडणं मला मुळीच मान्य नाही. पाईप जोडला, टेप मारली, झाकण दाबलं, शिडी उचलली. आत्याने आणून ठेवलेला चहाचा कप टेबलावर तसाच राहिला. दाराशी आत्या काहीतरी म्हणाली, ते मी ऐकलंच नाही.

मग ऊन तापलं. असं तापलं की दुकानातला फोन खाली ठेवायला फुरसत मिळेना. दर फोनला मी मान वर करून बघायची, पत्ता कुठला लिहिताहेत. त्याचा नसायचा. बरं झालं, असं म्हणायची आणि पुढच्या फोनला पुन्हा मान वर. त्याने शब्द पाळला होता, आणि त्याने तो पाळला याचंच मला वाईट वाटत होतं. रागावून आलेली मी, आणि झुरतेय कोण? मीच!

अशातच त्यांच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर काम निघालं. काम आटपून बाहेर पडते तर जिन्यात आत्या, हातात भाजीची पिशवी.

"सापडलीस!" तिने माझं मनगटच धरलं. "मी तुझ्या दुकानात फोन करणार होते, पण त्याने मला शपथ घातलीय. अगं, आमचा एसी लावला की जरा वेळ चालतो आणि गप्प बसतो. तू त्या दिवशी तणतणत गेलीस ना, तेव्हापासून. मानेवर ओला टॉवेल टाकून पेपर तपासतोय बिचारा. घामाने उत्तरपत्रिका भिजल्या, पोरांनी लिहिलेली नदी खरंच वाहायला लागली. म्हटलं, फोन का करत नाहीस? तर म्हणतो, तिचं नाव खराब होईल. कोणाचं नाव, विचारलं तर कान लाल!"

शिडी घेऊन तडक पाचवा मजला गाठला. बेल वाजवली.

दार उघडलं. मानेवर टॉवेल, घामाने डबडबलेला चेहरा, चष्म्यावर वाफ.

"माझी काहीही तक्रार नाही," तो घाईने म्हणाला आणि दारात आडवा उभा राहिला.

"मी विचारलं का?"

"एसी उत्तम आहे."

"दिसतंय. हनुवटीवरून ठिबकतंय ते."

"ते… मी व्यायाम करत होतो."

"टॉवेल, चष्मा आणि लाल पेन घेऊन?"

"हो… नाही… अहो, तुम्ही जा ना, प्लीज! इथे आलात हे दुकानात कळलं तर तिसरी होईल." त्याचा आवाज इतका कळवळला होता की माझा उरलासुरला राग तिथेच संपला. माझ्यासाठी एवढं उकाड्यात बसलेलं कोणी मी आजवर पाहिलं नव्हतं. सरळ सांगते, त्या क्षणी मला तो फार आवडला. शिडी मधे नसती तर काय केलं असतं कोण जाणे.

"बाजूला व्हा मास्तर. शिडी वळतेय."

तो झटकन बाजूला झाला. तेवढं मात्र तो शिकला होता.

वर चढले, झाकण उघडलं आणि पाहतच राहिले. खोलीचं तापमान मोजणारा छोटा सेन्सर असतो, तो त्याच्या क्लिपमध्ये नव्हता. लोंबकळून आतल्या गार नळ्यांना टेकला होता. त्यामुळे मशीनला वाटायचं, खोली झाली गार, आणि ते बंद पडायचं. हा सेन्सर कोणी काढला नव्हता. मागच्या वेळी रागाच्या भरात झाकण दाबताना तो बसवायला विसरले होते मीच.

"जाळी धुताना मला ती वायर लोंबताना दिसली होती," तो खालून हळूच म्हणाला. "पण तुमच्याकडून राहिलीय की मुळातलीच तशी, ते कळेना. आणि विचारायचं म्हणजे…"

"तिसरी झाली असती."

"हो."

मी सेन्सर क्लिपमध्ये बसवला. टक् आवाज आला, बस्स. झाकण लावून निघून गेले असते तर कोणाला काही कळलं नसतं. त्यालाही नाही. पण लोकांच्या हातात बादली देऊन 'बघा, आत काय आहे ते बघा' म्हणणारी मी, आणि माझ्या चुकीवर झाकण लावू? शिडीवर बसूनच मी मामांना फोन लावला. स्पीकर चालू केला.

"मामा, एक उलट तक्रार लिहा. माझ्या नावावर. मास्तरांचा एसी."

"तिसरी?" मामा ओरडले. "त्यांनी केलीय?"

"ते नाहीच म्हणताहेत. मी करतेय. सेन्सर बसवायला विसरले होते."

"मग बसव आणि गप ये की! डोकं फिरलंय का तुझं?"

बघा, इतके दिवस मला खाली उतरवायला टपलेला माणूस, आणि वेळ आली तर त्याच्याच घशात घास अडकला.

"लिहा, मामा."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "ठीक आहे," शेवटी मामा थकल्या आवाजात म्हणाले. "नियम तो नियम. उद्यापासून काउंटर."

मी शिडीची कड घट्ट धरली. एवढ्यात खालून एक ओला हात वर आला आणि माझ्या हातातला फोन गेला.

"मामा–"

"मामा? कोणाचा मामा?"

"म्हणजे… साहेब! मी मास्तर बोलतोय. पहिली तक्रार खोटी होती. रिमोटवर पंखा लावून मीच फोन केला होता. दुसऱ्या वेळी पाईप मी माझ्या हाताने काढला. तुमची मेकॅनिक दोन्ही वेळा निर्दोष होती. तुम्ही म्हणाल तर दुकानात येऊन सगळ्यांसमोर सांगतो."

"पाईप का काढलात?"

"तिला पाहायला."

आतल्या खोलीत आत्याच्या हातून भांडं पडलं. मी शिडीवर दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"हं," मामा म्हणाले. "दोन खोट्या फेऱ्यांचे पैसे द्यावे लागतील."

"देतो."

"पाईप काढायला कशावर चढला होतात?"

"खुर्चीवर."

"पडला असतात की हो, वेड्यासारखे!" पलीकडे पेनाने खोडल्याचा आवाज आला. "मग तिच्या नावावर एकच उरते. एकीसाठी मी कोणाला खाली उतरवत नाही. आणि पोरी, ऐकतेयस ना? आता तुझ्या आईला काय सांगायचं ते तूच सांग. मला मधे घेऊ नकोस."

फोन बंद झाला. एसीतून गार वारं यायला लागलं. मी शिडीवरून उतरले आणि शेवटच्या पायरीवर तशीच उभी राहिले, म्हणजे आमचे डोळे एका रेषेत आले.

"तक्रार नसेल तर तुम्हाला कसं बोलवायचं?" त्याने विचारलं.

"माझा नंबर घ्यायचा. आणि म्हणायचं, ये."

"ये?"

"या नाही. ये."

"बरं…" त्याने चष्मा पुसला, पुन्हा लावला. "ये ना, मग. रोज ये."

मी मान हलवली. नंबर सांगताना माझा मलाच दोनदा चुकला.

पुढचे दोन महिने मी त्या घरी शिडीशिवाय जात राहिले. मी जाळी नळाखाली धरायची, तो वाळवायचा, आणि आत्या लांबून सूचना करायची. माझ्या घरी मात्र अजून कोणाला काही सांगितलं नव्हतं. मामांनी तोंडाला कुलूप लावलं होतं आणि माझी जीभ रेटत नव्हती.

मग एका सुट्टीच्या दिवशी आमच्या दाराची बेल वाजली. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं आमच्या घरी एसी नाही, एक जुना टेबलफॅन आहे, तोही कुरकुरतो. तो उघडून मी जमिनीवर बसले होते, दातांत स्क्रू. आईने दार उघडलं.

दारात तो. इस्त्रीचा शर्ट आणि हातात नवी कोरी निळी बादली.

"आम्ही काही मागवलं नाही," आई म्हणाली.

"नाही, मी विकायला नाही आलो. मी…" त्याने आईच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हिला काम करताना बादली धरायला माणूस लागतो. जन्मभर लागेल. ती जागा रिकामी आहे का, ते विचारायला आलोय. हिलाही आणि तुम्हालाही."

मला म्हणे प्रत्येक गोष्टीवर उत्तर असतं! मी तोंडातला स्क्रू काढला आणि एवढंच म्हणाले, "आधी आत ये. आणि बूट काढताना डोकं–"

पण तोवर तो वाकला होता. दाराशेजारी खुंटीवर माझी शिडी टांगलेली असते. तो उठला – टक्!

"आई गं!"

"अगं बाई! लागलं का रे?" आई पुढे धावली.

"लागलं," तो कपाळ चोळत, हसत म्हणाला. "पण चूक माझीच."

आईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्याच्या हातातली बादली काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली.

"हिचं उत्तर हो आहे," ती आतूनच म्हणाली. "तोंड बघून कळतंय मला. तू बस, मी कपाळाला लावायला बर्फ आणते."